वल्हेआजोबांचा आवाज

गुरुवारी चार वाजता लेखिका वाचनालयात येणार होत्या, आणि सोमवारपासून ग्रंथपाल बाईंच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता.

खरं तर दुसरं कुणी असतं तर हा दिवस मिरवून घेतला असता. 'पाताळफेरी' या सहा भागांच्या मालिकेची लेखिका, जिच्या शेवटच्या भागावरून पोरांनी जिथेतिथे घर डोक्यावर घेतलंय, ती आपण होऊन एका कोपऱ्यातल्या शाखेत येते म्हणजे काही थोडंथोडकं नाही. मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी फोनवर तीनदा अभिनंदन केलं. बाई तिन्ही वेळा 'हो, हो' म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर टेबलाच्या खणाचं कुलूप ओढून पाहून आल्या. त्या खणात सहावा भाग होता, शाखेला मिळालेली एकुलती एक प्रत. मुलांना बाईंनी सांगितलं होतं की पुस्तक दुरुस्तीला गेलंय.

हे झालं दुसरं खोटं. पहिलं याहून मोठं होतं. बाईंनी मुलांना पुस्तकाचा शेवट बदलून वाचून दाखवला होता.

आता बाई म्हणजे काही थापा मारणाऱ्यांतल्या नव्हेत. बावन्न वर्षांचं वय, अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि शिक्का वाकडा उमटला तर शेजारी सरळ उमटवून 'वरील शिक्का रद्द' असं लिहिणारा स्वभाव. पुस्तक दुरुस्तीला गेलं असं तोंडातून निघून गेल्यावर त्यांनी उठून दुरुस्तीच्या रजिस्टरात तशी नोंदसुद्धा केली. पुस्तक क्रमांक लिहिला, दिल्याची तारीख लिहिली. खोटं बोलतानाही नोंद केल्याशिवाय त्यांना चैन पडेना. शेवटचा रकाना मात्र त्यांनी कोरा ठेवला. तो 'दुरुस्ती करणाऱ्याची सही' असा होता, आणि वरच्या प्रत्येक ओळीत, मागच्या बावीस वर्षांच्या प्रत्येक पानावर, तिथे एकच सही होती. ती दादाची.

दादा म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा. वाचनालयातच बांधणीचं काम करायचा. मागच्या खिडकीशी त्याचं टेबल होतं, त्यावर खळीचा वाडगा, दाभण, मेणाचा दोरा आणि कापडी पट्ट्यांची गुंडाळी. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, बाईंनी लग्न केलं नाही; बहीणभाऊ तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे आणि सकाळी एकाच छत्रीतून भांडत कामाला यायचे. वाचनालय पालिकेच्या इमारतीत तळमजल्यावर, आणि शेजारच्याच दारात जन्ममृत्यू नोंदणीची खिडकी. दर दिवशी दोनचार माणसं चुकून वाचनालयात शिरायची. दादा खळीचा हात वर करून विचारायचा, जन्म असेल तर डावीकडे, मृत्यू असेल तरी डावीकडे, आणि कंटाळा आला असेल तर इथेच बसा. त्याच्या ओळखीने असे किती तरी सभासद झाले होते.

शनिवारी तीन वाजता मुलांचं वाचन असायचं. जाजमावर मुलं, समोर खुर्चीत बाई, आणि बाईंच्या उजव्या हाताला एका बुटक्या स्टुलावर दादा. बाई गोष्ट वाचायच्या आणि नावाडी आला की दादा बोलायचा. ही वाटणी 'पाताळफेरी'च्या पहिल्या भागापासूनची. जुन्या पुराणकथांत असतं तसं पाताळ, त्याच्या दारातली काळी नदी, आणि मेलेल्यांना पलीकडे नेणारा नावाडी. लेखिकेने त्यात एक बारा वर्षांची मुलगी घातली होती, चोरीला गेलेली आपली सावली परत आणायला निघालेली. नावाडी तिला दर भागात पलीकडे न्यायचा आणि नियम मोडून परतही आणायचा. मुलं त्याला वल्हेआजोबा म्हणायची. नावेत कुणी पाय ठेवला की त्याचं एकच पालुपद, आणि ते दादा घसा खरवडून असं काही म्हणायचा की जाजमावरची बारकी पोरं एकमेकांना बिलगायची:

"बसा सरळ, हात आत ठेवा. नाव माझी आहे, पाणी कुणाचंच नाही."

त्या आवाजाचा सराव तो घरी न्हाणीघरात करायचा. शेजारच्यांनी एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे कुणाला दम्याचा त्रास आहे का.

पाचवा भाग त्याने पूर्ण केला. सहावा यायच्या आधी, एका मंगळवारी दुपारी, खळीचा वाडगा धुवायला म्हणून उठला आणि टेबलाशीच कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या दिवशी बाई वाचनालयाच्या दारातून बाहेर पडल्या आणि डावीकडच्या दारात जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं नाही, स्वतःच लिहिलं. मग बाई परत येऊन टेबलाशी बसल्या.

सहावा भाग आला तेव्हा गोष्ट आणि नावाडी, दोन्ही बाईंनीच वाचलं. स्टूल जिथल्या तिथे होतं. जाजम कितीही भरलं तरी त्यावर कुणी बसलं नाही, आणि दादाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बाईंना ते बरं वाटलं. मुलं विसरली असतील, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं. माणूस शहाणं असलं तरी स्वतःच्या दुःखाच्या बाबतीत जरा ढच असतं.

बाईंची एक रीत होती. पुस्तक पुढे वाचून ठेवायचं नाही, मुलांबरोबरच वाचायचं, नाहीतर आवाजात उत्सुकता राहत नाही. दादा याला आळस म्हणायचा. त्या रीतीनेच घात केला. सातव्या शनिवारी शेवटचं प्रकरण उघडलं, मुलं श्वास रोखून बसलेली, आणि दोनशे अकराव्या पानावर बाईंच्या लक्षात आलं की काय चाललंय. काळी नदी कायमची शांत करायची तर नावाड्याने वल्हं दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि स्वतः प्रवासी होऊन पलीकडे जायचं, न परतण्यासाठी. नावाडी वल्हं त्या मुलीच्या हातात देतो आणि पहिल्यांदाच पुढच्या फळीवर बसतो. पुढची ओळ त्याच्या तोंडची होती. बाईंनी ती डोळ्यांनी वाचली. मग पान न उलटता, पुस्तकाकडे बघत, त्या भलतंच बोलू लागल्या: नावाड्याने नाव काठाला बांधली, वल्हं खांद्यावर टाकलं, म्हणाला फार झालं आता, भूक लागली, आणि तो घरी गेला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा उशिरा. त्या वेळी बाईंनी एवढंच पाहिलं की वाजवल्या.

त्यानंतर सुरू झालं ते जिवावरचं. बाहेर जग ओरडायला लागलं होतं. प्रकाशकांकडे पोत्याने पत्रं येत होती. कुणी शेवटची दहा पानं फाडून लेखिकेला परत पाठवली होती. एका शाळेत आख्ख्या वर्गाने पुस्तकावरचा निबंध लिहायला नकार दिला. एका पोराने लिहिलं होतं, तुम्हाला नाव चालवता येत नव्हती तर आम्हाला विचारायचं होतं. आया तक्रार करत होत्या की मुलं जेवत नाहीत, आणि कुणी शहाणे म्हणत होते की बालसाहित्यात मरण कशाला. हे सगळं वर्तमानपत्रात छापून येई आणि वाचनालयात वर्तमानपत्र येई. बाई सकाळी कात्री घेऊन बसायच्या. दहा वाजता येणारे पेन्शनर काका पेपर उजेडात धरून म्हणाले की आजकाल बातम्यांपेक्षा खिडक्याच जास्त. आणि कापलेल्या बातमीच्या मागे त्यांचं शब्दकोडं होतं, त्याचं काय? बाईंनी कसर लागल्याचं सांगितलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

मुलंही विचारत नव्हती. पुस्तकासाठी प्रतीक्षायादीत त्रेचाळीस नावं होती. शनिवारचं वाचन संपलं की पुस्तक घरी न्यायला मोकळं, हा नियम. पहिलं नाव होतं वकिलाचं. वकील म्हणजे अकरा वर्षांची एक मुलगी. एका दिवसाच्या उशिराचा दंड कसा लागू होत नाही यावर तिने एकदा दादाशी अर्धा तास युक्तिवाद केला होता, तेव्हापासून दादाने तिचं हे नाव पाडलं. ती हात पुढे करून टेबलाशी आली तेव्हा बाई म्हणाल्या, शिवण उसवली गं, दुरुस्तीला दिलंय. वकिलाने बाईंकडे पाहिलं. मग मागच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, बरं. दुसरं कुणी असतं तर अशा मुलीच्या 'बरं'ने सावध झालं असतं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

पुस्तक संपलं की मुलांनी लेखिकेला पत्र लिहायचं, ही शाखेची जुनी पद्धत. या खेपेला राहू द्या, असं बाईंनी सुचवलं. पण पत्र गेलं होतं. वकिलाने परस्पर सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या आणि स्वतः पेटीत टाकलं. बाईंना ते कळलं साहेबांच्या फोनवरून. एवढ्या हजारो पत्रांत या एकाच वाचनालयातल्या मुलांची शेवटाबद्दल तक्रार नाही म्हणे, साहेब म्हणाले, म्हणून लेखिका स्वतः भेटायला येतायत.

मुलांनी काय लिहिलं असणार ते उघड होतं. वल्हेआजोबांना घरी पाठवलंत, आभारी आहोत. आता त्या येणार, मुलं ते तोंडावर सांगणार, त्या म्हणणार मी असं लिहिलंच नाही. नोकरीचं काय होईल याची बाईंना फारशी भीती नव्हती. साहेब फार तर कारणे दाखवा नोटीस देतील. भीती होती एकतीस चेहऱ्यांची. सहा वर्षं ही मुलं त्यांच्या तोंडून येणारा शब्द पुस्तकातला म्हणून ऐकत आली होती. एकदा तो विश्वास गेला की पुढच्या शनिवारी त्या खुर्चीत बसून त्यांनी काय वाचायचं? आणि दादा गेल्यावर शनिवार सोडला तर बाईंच्या आठवड्यात उरलं तरी काय होतं?

बुधवारी त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. मग तो चुरगाळून टोपलीत टाकला, कारण रजेचं कारण या रकान्यात आणखी एक खोटं लिहावं लागलं असतं.

गुरुवारी मुलं साडेतीनलाच आली. कोपऱ्यात त्यांचं काही तरी कुजबुजणं चाललं होतं. बाई जवळ गेल्या की थांबायचं. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. चार वाजून पाच मिनिटांनी लेखिका आल्या, एकट्याच, खांद्याला कापडी पिशवी. वय सत्तरीकडे, चालणं हळू, चेहरा असा की हसतायत की रागावल्यायत कळू नये. बसायला काही जवळ दिसेना म्हणून त्या स्टुलाकडे वळल्या. वकील झटकन उठली, "ते नाही, मॅडम," म्हणाली आणि खुर्ची ओढून आणली. लेखिका स्टुलाकडे क्षणभर पाहत राहिल्या आणि खुर्चीत बसल्या.

साहेबांनी स्वागताचे चार शब्द चाळीस करून सांगितले. मुलांनी प्रश्न विचारावेत असं ते म्हणाले. एकानेही हात वर केला नाही. एकतीस पोरं आणि चिडीचूप, असं त्या खोलीत कधी झालं नव्हतं. मग लेखिकाच बाईंकडे वळल्या.

"मला शेवटचं प्रकरण ऐकायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचलंत ना, अगदी तसंच."

बाईंना वाटलं, झालं. यांना कळलंय, आणि या मला सगळ्यांदेखत उघडं पाडतायत. त्यांनी किल्ली काढली. कुलूप दुसऱ्या खेपेला उघडलं. खणातून पुस्तक बाहेर आलं, कोरं करकरीत, शिवणीचा एक टाका ढळलेला नाही. ते दुरुस्तीला गेलेलं पुस्तक आहे हे जाजमावरच्या प्रत्येकाला दिसत होतं.

बाई खुर्चीत बसल्या. दोनशे अकरावं पान आपोआप उघडलं, कारण त्या पानाशी त्या रोज थांबत होत्या. समोर लेखिका हाताची घडी घालून बसल्या होत्या. 'अगदी तसंच.' तसंच वाचावं का? नाव काठाला बांधावी, वल्हं खांद्यावर टाकावं? या बाई तोंडावर काही बोलणार नाहीत कदाचित. मुलं टाळ्या वाजवतील. सगळं निभावून जाईल, आणि पुस्तक पुन्हा खणात जाईल, आणि आपण पुन्हा कात्री घेऊन बसू. बाईंना एकदम स्वतःची किळस आली. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

"मुलांनो, मी तुम्हाला शेवट खोटा वाचला," त्या म्हणाल्या. "यात तसं नाहीये. पुस्तक दुरुस्तीलाही गेलं नव्हतं. मला ते वाचवत नव्हतं, म्हणून मी बदललं. मॅडमनी लिहिलंय ते आता वाचते."

साहेब अर्धवट उठले. लेखिकेने त्यांना हातानेच खाली बसवलं.

बाई वाचू लागल्या. काळं पाणी, काठाला लागलेली नाव, वल्हं देणारा हात. आवाज लागत नव्हता तरी त्या रेटत राहिल्या. नावाडी पुढच्या फळीवर बसला. मग त्याची ओळ आली. बाईंनी तोंड उघडलं, आणि आवाज फुटलाच नाही. शब्द समोर छापलेले होते, तीन शब्दांचं वाक्य आणि पुढे दोन शब्द. त्यांना फक्त स्टूल दिसत होतं आणि त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुस्तकावरची अक्षरं विरघळायला लागली.

जाजमावरून घसा खरवडल्याचा आवाज आला.

"मी सरळ बसतो," वकील म्हणाली. म्हणाली म्हणजे दादाच्या आवाजात म्हणाली, तसंच हळूहळू, तसंच घोगरं, न्हाणीघरातून यायचं तसं. आणि मग मागून पुढून, मोठ्या, बारक्या, दात पडलेल्या अशा सगळ्यांनी मिळून तोच घसा काढला:

"तू वल्हव."

बाई रडल्या. मुलांपुढे, साहेबांपुढे, पाहुण्यांपुढे रडल्या, त्या मंगळवारपासून साठलेलं सगळं. कुणी घाई केली नाही. मग पदराने चष्मा पुसून त्यांनी उरलेली पानं वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत, एकही न बदलता. मुलगी वल्हवत पलीकडे जाते, नावाडी उतरतो, मागे न बघता चालू लागतो, आणि परतताना तिला वल्ह्याची मूठ अजून कोमट लागते.

पुस्तक मिटल्यावर त्यांनी विचारलं, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं.

"तुम्ही दुरुस्तीला दिलंय म्हणालात ना, तेव्हापासून," वकील म्हणाली. "दुरुस्ती तर दादाच करायचे."

इतकी साधी गोष्ट. जगात एकाच माणसाकडे पुस्तक दुरुस्तीला जायचं, आणि नेमकं त्याचंच निमित्त त्यांनी पुढे केलं होतं. वकिलाने मग एरवीसारखा मुद्देसूद खुलासा केला. रजिस्टर उघडं होतं, सहीचा रकाना कोरा होता. म्हणून पाच जणं पुस्तकांच्या दुकानात गेली आणि दुकानदार हाकलेपर्यंत उभ्याने शेवटचं प्रकरण वाचून आली. वल्हेआजोबांची ओळ पाठ करून बाकीच्यांना शाळेत सांगितली. ताईंना, म्हणजे बाईंना, कुणी काही बोलायचं नाही, असं ठरलं.

लेखिकेने पिशवीतून एक दुमडलेला कागद काढून बाईंना दिला. अक्षर वकिलाचं, खाली वेड्यावाकड्या एकतीस सह्या. 'आम्हाला शेवट आवडला नाही पण तो बरोबर आहे. तुम्ही तो बदलू नका. आमच्या ताईंनी वेगळा वाचला कारण वल्हेआजोबांचा आवाज त्यांच्या दादांचा होता. कधी भेट झाली तर त्यांना रागावू नका आणि आम्हाला ठाऊक आहे हे सांगू नका.'

"मी काय लिहायला हवं होतं हे सांगणारी हजारो पत्रं आली," लेखिका म्हणाल्या. "गप्प बसा म्हणणारं हे एकच. म्हणून आले. आणि मी गप्प बसलेही असते, तुम्हीच बसू दिलं नाहीत."

साहेबांनी आभार मानले. लेखिका गेल्या, जाताना चुकून डावीकडच्या दारात शिरल्या आणि तिथल्या तिघाचौघांनी त्यांना धरून बाहेर आणलं. मुलं मात्र हलली नाहीत. यादीत पहिलं नाव कुणाचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी दुरुस्तीचं रजिस्टर काढलं. पुस्तक परत आल्याची तारीख घातली. शेऱ्यात लिहिलं, 'प्रत सुस्थितीत, दुरुस्तीची गरज नव्हती.' मग त्या शेवटच्या रकान्याशी थांबल्या. वर दादाची सही, त्याच्या वर दादाची सही, पानभर तीच. वकील टेबलाला हनुवटी टेकून पाहत होती.

बाईंनी पेन उचललं आणि त्या रकान्यात पहिल्यांदाच स्वतःची सही केली. मग पुस्तकावर परतीच्या तारखेचा शिक्का मारला. तो जरा वाकडा उमटला. त्यांनी तो तसाच राहू दिला आणि पुस्तक वकिलाच्या हातात ठेवलं.

"सात दिवस," त्या म्हणाल्या. "आणि शनिवारी नवीन पुस्तक सुरू करतोय. त्यात एक राक्षस आहे. जाजमावर बसू नकोस, स्टुलावर बस."